मलाही तेच आहे

१२ जानेवारी

आदरणीय शिवणबाई यांस,
बाकमंडळाच्या एकमेव उरलेल्या सदस्याचा, म्हणजे अध्यक्षांचा, सादर प्रणाम.

आपण चिरंजीवांच्या गावी प्रस्थान केल्यापासून सांधेविकार विभागाबाहेरील आपल्या बाकाची अवस्था शोचनीय आहे. आपल्या जागी हल्ली एक गृहस्थ बसतात. आमवात आपल्याइतकाच, विनोदबुद्धीचा मात्र पूर्ण अभाव. गेल्या महिन्यात मी त्यांना गंभीर मुद्रेने निवेदन केले की मला 'पश्चात्तापजन्य घोटासूज' जडली आहे. मंडळाच्या नियमानुसार त्यांनी तत्काळ "मलाही तेच आहे" असे म्हणून पदरची दोन अधिक भयंकर लक्षणे जोडावयास हवी होती. ते म्हणाले, "डॉक्टरांना दाखवलंत का?" आणि किंचित सरकून बसले. असा हा सांस्कृतिक ऱ्हास.

पालिकेच्या कचेरीतील माझे कार्य अव्याहत चालू आहे. हयातांसाठी मानपत्रे, मयतांसाठी दुखवट्याचे ठराव. विशेषणे बहुतांशी तीच, केवळ क्रियापदांचा काळ बदलावा लागतो. बोटे लेखणीस तयार नसतात, म्हणून सकाळी अर्धा तास गरम पाण्यात त्यांची मनधरणी करतो.

आता मुख्य वार्ता. मला एक नूतन व्याधी प्राप्त झाली आहे. तिचे पूर्ण नाव: बृहत्कणिकायुक्त टी-लसिकापेशींचा चिरकारी रक्तविकार. उच्चार करताना मध्ये एकदा श्वास घेण्याची मुभा आहे. आमवाताच्या मोजक्या भाग्यवंतांनाच ती लाभते म्हणतात. प्रकार असा की, रक्तातील टी-पेशी हे आपले संरक्षक दल. कार्यभाग उरकला की त्यांनी यथाकाल निवृत्त होऊन मरून जावे, अशी सृष्टीची सेवाशर्त. माझ्या रक्तातील एका पेशीने ती शर्त अमान्य केली. ती मेली नाही. वर तिने आपल्यासारखीच प्रजा वाढवली आणि आता ते अवघे घराणे, आमच्या पाणीखात्याच्या माजी प्रमुखांप्रमाणे, निवृत्तीनंतरही नित्य कचेरीत येऊन कामकरी मंडळींना छळते. कामकरी पांढऱ्या पेशी त्यामुळे भराभर घटल्या आहेत.

सर्वात रम्य भाग पुढेच. घट दिसताच डॉक्टरांनी संशय घेतला तो आपल्या उभयतांच्या परिचयाच्या, आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळीवर. तिला हद्दपार केले. घट थांबेना. मग रक्ताची विशेष तपासणी, हाडाच्या मगजाची तपासणी, आणि अखेर निर्णय: उपचार म्हणून तीच गोळी, अल्प मात्रेत, पुनश्च चालू. चोर म्हणून जिला हाकलले, तिलाच कोतवाल नेमले.

कळावे. आपली प्रकृती कशी? दूरध्वनी क्रमांक आपण अद्याप दिलेला नाही. 'बाळ जागं होतं' हे कारण मी नाइलाजाने मान्य केले आहे.

आपला,
अध्यक्ष

*

२४ जानेवारी

अध्यक्ष,

पत्र वाचून इतकं हसले की बाळ उठलं. 'पश्चात्तापजन्य घोटासूज' जुनीच आहे, माझ्यासमोर दोनदा वापरलीत. पण हा नवा रोग फर्मास. न मरणारी पेशी, तिचं घराणं, आणि वर गोळीची कोतवाली. एवढं लांब नाव जुळवायला कचेरीतल्या किती सभा लागल्या?

असो. नियम म्हणजे नियम. मलाही तेच आहे.

आणि तुमच्यापेक्षा वरचढ आहे, ऐका. जिभेवर आणि गालाच्या आतून फोड, एक बरा होतो तोवर दुसरा हजर. बगलेत गळू, फुटलं, वाळलं, परत आलं. दोन घास पोटात गेले की डाव्या बरगडीखाली भरल्यासारखं होतं, जणू तिथं आधीच कुणी जेवून बसलंय. आठवड्याला एकदा ताप. तो गोळी घेतली की उतरतो आणि गोळीचा अंमल संपला की चढतो, म्हणजे तुमच्या पाणीखात्यासारखाच, वेळापत्रकानं येणारा. बोला, आहे का तुमच्या घराण्याकडे यावर उत्तर?

इथे बरं आहे. लेक आणि सून दोघं कामावर जातात, दिवसभर मी आणि बाळ. रांगायला लागलंय. त्याला उचलताना मनगटं कुरकुरतात, पण ते कुणाला सांगते? माझं इथलं कामच ते. आठवड्याची गोळी मी इथे आल्यावर सोडली, फार मळमळायचं. रक्त तपासायचंही राहून गेलं. नव्या गावात परत पहिल्यापासून सगळं कोण सांगत बसणार.

गृहस्थांना सांभाळून घ्या. तुम्हालाही पहिल्या दिवशी काही जमत नव्हतं.

शिवणबाई

*

२९ जानेवारी

बाई,

हे पत्र खेळातलं नाही. कृपा करून तसं वाचू नका.

मला जो आजार झालाय म्हणून लिहिलं, तो मला खरोखर झालाय. रक्ताचा एक प्रकारचा कर्करोगच तो, पण फार हळू चालणारा. डॉक्टर म्हणाले, बरेच लोक वर्षानुवर्षं त्याच्यासोबत राहतात. मला तो शब्द साधेपणानं लिहवला नाही, म्हणून मी त्याची मिरवणूक काढली.

तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्याबद्दल. मी तुम्हाला तोंडातल्या फोडांबद्दल लिहिलं नव्हतं. गळवांबद्दल नाही. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, ती या आजारात सुजते, आणि थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. हेही मी लिहिलं नव्हतं. माझे डॉक्टर मला हे सगळं आहे का म्हणून बोट ठेवून ठेवून विचारतात. तुम्ही ते मनानं रचलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही रचलेले रोग मी दोन वर्षं ऐकतोय. ते याहून पुष्कळ चांगले असतात.

तुम्हाला हाच आजार असेल असं मी म्हणत नाही. तो विरळ आहे. पण आमवात असलेल्यांत पांढऱ्या पेशी कमी होण्याची कारणं दोन-चार आहेत आणि त्यातलं प्रत्येक कारण तपासायला लागतं. पेशी कमी असताना आलेला ताप गोळी घेऊन उतरवायचा नसतो. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं असतं. गोळीनं ताप दबतो, जंतू दबत नाहीत.

रक्त तपासून घ्या. उद्या. डॉक्टरांना आमवाताचं सांगा.

उत्तर लगेच लिहा.

*

६ फेब्रुवारी

अध्यक्ष,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एक विशेषण नाही, एक समास नाही, खाली सहीसुद्धा नाही. माणूस किती कसलेला असावा. पहिल्यांदा तर मला खरंच वाटलं. मग म्हटलं, अगं, ज्यानं बाकावर बसल्या बसल्या शिपायाला 'आनुवंशिक टेबलखुर्ची' झाल्याचं पटवून घरी पाठवलं, त्याला सरळ तोंड करून दोन पानं लिहायला काय लागतं? खेळ तुम्ही जिंकलात. मी हरले.

आणि समजा, नुसतं समजा, त्यातलं काही खरं असलं. तर ऐका. मी या घरात बाळासाठी आहे. लेकानं बोलावलं तेव्हा तसंच म्हणाला होता, "आई, तू आलीस तर आमचं निभेल." सासू ताप घेऊन झोपली असं कळलं की सून बाळाला माझ्याजवळ ठेवेल का? नाही ठेवणार, आणि तिचं बरोबरच. मग मी इथे कशाला? परत माझ्या त्या एका खोलीत जाऊन खिडकीत बसायचं. साठीत आलेली बाई दुसऱ्यांच्या घरी दोनच कारणांनी राहते, काम करते म्हणून किंवा करवून घेते म्हणून. दुसऱ्या कारणानं मला राहायचं नाही.

तेव्हा हा विषय इथे संपला. आणि घरात कुणाला काही लिहिण्याचा आगाऊपणा करू नका. पत्रं मीच घेते, अक्षर ओळखते.

बाळाला दात येतोय. रात्रभर कुणाचाच डोळा लागला नाही.

शिवणबाई

*

१० फेब्रुवारी

सौ. सूनबाई यांस,

आपला माझा परिचय नाही. आपल्या सासूबाईंसमवेत मी दोन वर्षे रुग्णालयातील एका बाकावर बसत असे. माझ्या ओळखपत्रात याहून अधिक काही नाही. पाकिटावरील अक्षर आमच्या कारकुनाचे आहे, कारण माझे अक्षर घरात ओळखीचे आहे आणि हे पत्र आपल्या हाती पडणे आवश्यक आहे.

सभ्य गृहस्थाने करू नये असे कृत्य मी करीत आहे. त्यांनी मला निक्षून मना केले होते. मी हेही जाणतो की यानंतर त्या मला बहुधा पत्र लिहिणार नाहीत. त्याबद्दल खेद आहे, परंतु पत्र न लिहिणारी जिवंत बाई मला अधिक सोयीची आहे.

त्यांना वारंवार ताप येतो. गोळ्या घेऊन त्या तो झाकतात. तोंडात फोड आहेत, बगलेत गळू आहे, डाव्या बरगडीखाली जडपणा आहे. आमवाताची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली आहे. कित्येक महिन्यांत रक्ततपासणी नाही. मला आमवातासोबत टी-पेशींचा एक जुनाट रक्तविकार आहे आणि त्याची लक्षणे नेमकी अशीच असतात. त्याचे नाव मागील पानावर सुवाच्य लिहून दिले आहे, डॉक्टरांना दाखवावे. ते हसल्यास हसू द्यावे, पण तपासणी करून घ्यावी.

ताप असेल तर आज जावे. उद्या नव्हे.

त्यांना भय आहे की आजार उघड झाला तर बाळ त्यांच्याकडून काढून घेतले जाईल आणि त्यासोबत घरातील त्यांची जागाही. हे मी आपणास सांगावयास नको होते. पण अर्धाच विश्वासघात करण्यात काही शहाणपण नाही.

आपला,
(बाकावरील) एक गृहस्थ

*

५ मार्च

काका,

नाव माहीत नाही म्हणून काका म्हणते. आई तुम्हाला अध्यक्ष म्हणतात, पण ते मला लिहवत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावरून लवकर आले होते. आत जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. "काही नाही गं, उन्हात बसले होते," म्हणाल्या. बाहेर सकाळपासून ढग होते. तसंच गाडीत घातलं. ताप एकशे तीन होता आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. डॉक्टर मला रागावले, मग आईंना रागावले. अजून दोन दिवस गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही.

बारा दिवस दवाखान्यात होत्या. मग रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तुमचाच आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, त्यांनी आजवर असा एकच पेशंट पाहिला होता. तुमची चिठ्ठी दाखवली तर विचारतात, "हे दोघं नातेवाईक आहेत का?" मी म्हटलं, "नाही, एका बाकावर बसायचे."

आता घरी आणलंय. आठवड्याची गोळी थोड्या डोसवर सुरू केली आहे, गुण यायला काही महिने लागतील म्हणाले. बाळाला सर्दी असली की त्याला जवळ जाऊ द्यायचं नाही, एरवी चालेल. दिवसा शेजारच्या बाई बाळाला बघतात. आई माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीशी बोलतात, मी ऐकते.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे आणि ती त्यांना कळू द्यायची नाही. बाळासाठी बाई आम्हाला तेव्हाच मिळत होती. मागच्या वर्षी आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो होतो. त्यांचं स्वेटर धुवायला घेतलं तर बटणं उघडेनात. बघितलं, तर काजांसकट शिवून टाकलेली. सगळ्याच कपड्यांची. बोटांनी बटण लागत नव्हतं, म्हणून ज्या बाईनं शाळेत तीस वर्षं मुलींना काज करायला शिकवलं तिनं काजं बंद करून टाकली होती आणि कपडे डोक्यावरून घालत होती. परत येताना गाडीत ते स्वेटर माझ्या मांडीवर होतं. "ये राहायला" म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. म्हणून बाळाचं कारण काढलं.

तुम्ही त्यांना ओळखता. हे सांगू नका.

तुमची तब्येत कशी आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाही.

*

१९ मार्च

अध्यक्ष महाराज,

पाकिटावरचं अक्षर परक्याचं होतं, पण मी दवाखान्यात पडल्या पडल्या ओळखलं. सूनबाई डॉक्टरांना सांगत होती, "डाव्या बरगडीखाली जडपणा आहे." हे मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

जीव वाचवलात म्हणून आभार मानायला हवेत, मानते. आता रागाचं ऐका. तो आजार तुम्हाला खरा होता तर पहिल्याच पत्रात सरळ का लिहिला नाहीत? सजवून, नटवून पाठवलात. मी हसत बसले आणि त्यावर माझा खरा ताप टाकून दिला, दुसरीकडे कुठे टाकता येत नव्हता म्हणून. सरळ लिहिलं असतंत तर कदाचित मीही सरळ लिहिलं असतं. नसतंही लिहिलं. पण संधी तरी मिळाली असती.

मी म्हणाले होते तेच झालं. बाळ शेजारच्या बाईंकडे असतं. ती बाई वाईट नाही, जरा जोरात बोलते. मी या खोलीत बसून त्या खोलीतला त्याचा आवाज ऐकते. सून माझ्या पुढ्यात ताट आणून ठेवते, गोळी हातावर ठेवते, आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. अशी करवून घेणारी म्हातारी मी होणार नाही. घरमालकाला कळवलंय, माझी खोली अजून रिकामी आहे. बॅग काढली आहे. या महिनाअखेर निघते. पोचल्यावर त्या पत्त्यावर लिहा, लिहायचं असलं तर.

शिवणबाई

*

२३ मार्च

बाई,

आपला आरोप पूर्णतः मान्य आहे. बचावार्थ निवेदन नाही.

त्या खोलीत आपण एकट्या असाल. ताप अवेळी येतो. त्या वेळी कपाळाला कोणी हात लावणार नाही आणि स्वतःच्या कपाळाला लावलेला स्वतःचा हात खोटे बोलतो, हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या आठवड्यात मी स्वतः चार दिवस रुग्णालयात होतो. पहिला दिवस मी घरी 'थोडी कणकण आहे' असे म्हणत वाया घालवला. म्हणत कोणाला होतो, हा प्रश्न आहे. घरात दुसरे कोणी नाही. गोळीचा अद्याप म्हणावा तसा परिणाम नाही. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. मी थकलो आहे, बाई. धीर धरण्यासाठीही बोटे लागतात.

आपल्या सूनबाईंनी मला एक गोष्ट विश्वासाने कळवली आणि ती आपणास न सांगण्याची विनंती केली. एकदा विश्वासघात केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा फारसा सराव लागत नाही, तेव्हा सांगतो.

बाळासाठी बाई त्यांना पूर्वीच मिळत होती. त्यांनी आपल्या कपड्यांची शिवून टाकलेली काजे पाहिली होती. आपण नुसत्या बोलावण्याने येणार नाही हे त्यांनी ओळखले, म्हणून बाळाचे निमित्त केले. आपण त्या घरात बाळ सांभाळण्यासाठी कधीच नव्हता. बाळ आपल्याला आणण्यासाठी होते.

मी आयुष्यभर मानपत्रे लिहीत आलो. प्रत्येकात तो मनुष्य कोणाच्या तरी उपयोगी पडलेला असतो, आणि तेवढ्यासाठीच तो थोर ठरतो. ज्याचा काही उपयोग उरला नाही आणि तरीही जो घरात हवा आहे, अशा मनुष्यासाठी एकही वाक्य माझ्या संग्रही नाही. मला वाटते, म्हणूनच आपल्याला ती शक्यता सुचली नाही. मलाही सुचली नसती. ती आपल्या सुनेला सुचली, परतीच्या गाडीत, आपले स्वेटर मांडीवर घेऊन.

इतके असूनही जावयाचे असेल तर जावे. मी पत्र कोणत्याही पत्त्यावर लिहीन.

आपला

*

२ एप्रिल

अध्यक्ष,

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस माझं ताट तसंच परत गेलं. सुनेला वाटलं, परत ताप आला. थर्मामीटर घेऊन आली.

मला समजलंय हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तिनं इतके महिने एवढं जपून ठेवलं, ते मी एका वाक्यात का मोडू.

घरमालकाला माझी खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली आहे.

शेजारच्या बाई आता दुपारपर्यंतच असतात. संध्याकाळी सून घरी येते, हात धुते, बाळाला आणून माझ्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "आई, जरा धरता का याला? मला खूप कामं पडलीत."

कामं काही नसतात. ती समोरच्या खुर्चीवर बसून राहते, आमच्याकडे बघत.

मी म्हणते, "धरते गं. तू कर तुझी कामं."